मोडलेल्या बारीचा सवाल

साहेब, तुम्ही आमचं भांडण मिटवलंत. एवढाच गुन्हा मी तुमच्यावर ठेवतो, आणि तो लहान नाही.

हे भांडण पणजोबांच्या आधीपासून चालत आलेलं होतं. मानमोडीच्या साथीत घरटी एक माणूस गेला, तरी पुढच्या पोळ्याच्या करीला जे उरले ते लिंबाखाली समोरासमोर बसले आणि त्यांनी एकमेकांच्या सात पिढ्या धुऊन काढल्या. पावसानं दगा दिला त्या सालीही भांडलो, नाल्याला पूर आला तेव्हा चावडीत चढून भांडलो. तुम्ही आलात, खुर्ची मागितलीत, आणि पुढ्यातला चहा निवायच्या आत भांडण मिटवून मोकळे झालात.

तुम्हाला तेव्हा कोणी नीट सांगितलं नाही. सांगायला गेलो तर तुम्ही हात वर केलात. आता ऐका.

आमच्या गावात गाणाऱ्यांच्या दोन बाजू आहेत. तुरा म्हणतो महादेव थोर, कलगी म्हणते देवी थोर. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, करीला, दुपारून दोन्ही बाजू डफ घेऊन बसतात. एकानं गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातच जबाब द्यायचा. त्या बैठकीला आम्ही बारी म्हणतो. तुऱ्याचा म्होरक्या पुंजाजी, जातीचा कुणबी, आवाज असा की शेतातून हाक मारली तर गावातली कुत्री उठून बसतात. कलगीचा म्होरक्या रऊफचाचा, पिंजारी. खांद्यावर धनुकी टाकून गावोगाव गाद्या पिंजत फिरतो, आणि देवीचं गाणं लावलं की म्हाताऱ्या बाया डोळ्याला पदर लावतात. पुंजाजीच्या महादेवामागं डफ धरतो नूरा अत्तार. रऊफचाचाच्या देवीमागं सूर धरून झील ओढतात आमचे पाटील उकंडराव. मी जगदेव, तुऱ्याचं तुणतुणं.

पोरगी लग्न होऊन कुठंही गेली तरी बाजू बापाचीच ठेवते, हाही आमचा कायदा. पुंजाजीची बायको सोजरबाई शिरपूरच्या कलगीवाल्या घरची. तिच्या बापापाशीच रऊफचाचा शिकला, म्हणून ती त्याला भाऊ म्हणते. करीच्या दिवशी ती नवऱ्याला भाकर वाढते, मग पदर खोचून कलगीच्या बाजूला जाऊन बसते आणि नवरा अडखळला की सगळ्यांत आधी हसते. त्या दिवशी पुंजाजी पहिला घास मांजरीला टाकून पाहतो.

तर तो दिवस, गेल्या सालची कर. बारीची सुरुवात शिव्यांनी होते. नमन नंतर.

पुंजाजी उठला. "रऊफ, तुह्या दाढीत कापूस अटकला का दाढीच कापसाची हाय? इकडे ये, पिंजून पाहू."

"पिंज ना बापा," रऊफचाचा म्हणाला. "पन पहिले तुह्या डोक्यातली सरकी काढा लागन. धनुकी तुटन मही."

लोक हसले, सोजरबाई सगळ्यांत मोठ्यानं. पुंजाजीला ते लागलं. त्यानं ठरवलेला सवाल बाजूला ठेवला आणि तिथल्या तिथं नवाच बांधून फेकला:

मुकं कातडं, मुका हात, नाद कोनाच्या घरचा,
सांग गड्या तू गाव तयाचं, बाप सांग ह्या पोराचा.

आम्ही झील ओढली. नूरानं डफावर थाप मारली. असा सवाल आमच्या लिंबाखाली कधी पडला नव्हता. रऊफचाचानं क्षणभर डोळे मिटले, मग डफ घेऊन उभा राहिला. तो जबाब द्यायला उठला हे साऱ्या गावानं पाहिलं.

आणि नेमके तेव्हा तुम्ही आलात. तुमची मोटार नाल्याच्या गाळात रुतली होती आणि ढकलायला माणसं पाहिजे होती. तुम्हाला काय दिसलं? एक हिंदू एका मुसलमानापुढं बोट नाचवतो आहे, त्याची दाढी काढतो आहे, बाप काढतो आहे, आणि दोन्ही बाजूंना जमाव. तुम्ही तिथंच गरजलात, "हे काय चाललं आहे?"

"भांडन, सायेब," उकंडराव पाटील छाती काढून म्हणाले. पाहुण्याला गावातली चांगली वस्तू दाखवावी तसे.

"कशावरून?"

"महादेव मोठा का देवी मोठी, त्यावरून."

"यात हिंदूंची बाजू कोणती?"

पाटलांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "तसं नाई सांगता येत, जी."

"पाटील, तुम्ही कोणाला तरी पाठीशी घालता आहात."

"नाई जी. मी सोता भांडनातला हाओ. कलगीचा. त्या रऊफच्या मांगचा."

हे तुम्हाला पटलं नाही. तुम्ही शिकलेले, आणि कुठं कुठं दंगे झाल्याचं वाचून आलेले. तुम्ही पुंजाजीला आणि रऊफचाचाला पुढं बोलावून गळाभेट घ्यायला लावली. दोघं एकमेकांना असे भेटले जसं कोणी दोन खाटा एकीवर एक ठेवाव्यात. मग हुकूम सांगितलात: तुरा शिवरात्रीला गाईल, कलगी मंगरूळच्या उरसात गाईल, पण दोन्ही बाजू डफ घेऊन पुन्हा एका जागी बसल्या तर गाठ तुमच्याशी. नंतर तुमची मोटार आम्ही सगळ्यांनी मिळून गाळातून काढली. त्या वेळी मात्र कोणती बाजू कुठं लागली आहे ते तुम्ही विचारलं नाही.

तुम्ही गेलात. सवाल मागं राहिला.

आता आमचा पुढचा कायदा ऐका, कारण सगळं दुखणं त्यात आहे. ज्या उस्तादाच्या डोक्यावर सवाल बसला आहे, त्याला तो उतरेपर्यंत शागिर्दाच्या मनगटावर गंडा बांधता येत नाही. गंडा म्हणजे काळा दोरा. तो बांधला की गुरूचं गाणं शिष्याचं होतं. तो नसेल तर शिष्य नुसता ऐकणारा.

रऊफचाचाला दोन मुलगे, दोघं मिलमध्ये, गाण्याचं नाव काढलं की कानात बोटं घालतात. उरला नातू सादिक, चाचाच्या लेकीचा, मेहरबीचा. तिशीतला गडी, कारंज्याच्या कापसाची सरकी काढायच्या जीनमध्ये कामाला. पावसाळ्यात जीन बंद, म्हणून तेवढे महिने गावात. इतकी वर्षं तो नानामागं कड्या वाजवायचा आणि गालात हसायचा. त्या साली पोळ्याच्या आधी स्वतः होऊन म्हणाला, "नाना, इस साल गंडा बाँध दो." कारण जीनवाल्यानं त्याला इंजिनावर बाराही महिने ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. दसऱ्याला गेला की पुन्हा पावसाळ्यात येणं नाही. रऊफचाचाची छाती धनुकीच्या धुळीनं भरलेली, दोन कडवी गायला की खोकला. म्हणजे पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत गंडा बांधला तर कलगी राहील, नाही तर चाचाबरोबर जाईल. आणि कलगी गेली की आम्ही तुरेवाले कोणाशी भांडणार? शिवरात्रीला महादेवापुढं एकटेच बसून महादेव थोर आहे म्हणून ओरडणार? महादेवाला ते माहीतच आहे.

मग रऊफचाचानं सरळ रस्ता धरला. हरायचं ठरवलं. जितणाऱ्याच्या उंबरठ्यावर डफ पालथा ठेवला की हार झाली. मग जितणाऱ्यानं चार लोकांत जबाब सांगायचा, की सवाल उतरला. त्याला तुमचा हुकूमही आड येत नव्हता, कारण डफ वाजवायचा नाही, ठेवायचा.

सकाळी चाचा पुंजाजीच्या दारात आला. मी तिथंच तंबाखू मळत बसलो होतो. पुंजाजी गोठ्यात धार काढत होता. चाचानं वाकून डफ खाली नेला, तोच पुंजाजी चरवी टाकून धावला आणि डफ अधांतरी धरला.

"जमिनीले लागू देऊ नको."

"अरे मी हरलो ना बापा."

"तू नाई हरला. तू जबाब द्याले उठला होता. साऱ्या गावानं पाह्यलं."

"मी म्हन्तो मी हरलो."

"तुह्या म्हन्यानं काय होते? हरला का नाई ते मी ठरोतो."

चाचानं डफ सोडला नाही, पुंजाजीनंही नाही. दोघं डफाला धरून अंगणात फिरले, गाय बिथरली, दूध सांडलं. शेवटी चाचाला खोकला आला आणि तो घरी गेला.

आम्हाला वाटलं, काय दिलदार माणूस. वैऱ्याची फुकटची हार घेत नाही. मी तर पुंजाजीच्या मोठेपणावर दोन कडवी बांधली आणि पारावर म्हणून दाखवली. लोकांनी मान डोलावली.

पण चाचा दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. चाचा दिसला की पुंजाजी मागच्या दारानं शेतात. चाचा शेतात गेला की पुंजाजी कपाशीतून वाकून नाल्यात. मंगरूळच्या बाजारात चाचानं त्याला गाठलं, तर जितलेला माणूस कासाराच्या दुकानात बांगड्या भरणाऱ्या बायांच्या मागं जाऊन बसला. सगळा गाव ती मजा पाहत होता. हरलेला हार घेऊन मागं धावतो आहे आणि जितलेला जीव घेऊन पळतो आहे. पोरंसोरं शेताच्या धुऱ्यावरून ओरडायची, "पुंजाबुवा, पया, हारलेला आला."

सादिक मात्र हसत नव्हता. त्यानं वळकटी बांधून ठेवली होती. दसरा जवळ आला होता.

सोजरबाईही हसत नव्हती. पुंजाजी आता ज्वारी राखायच्या निमित्तानं शेतातल्या माळ्यावरच राहायला गेला होता, आणि तिला रोज भाकरीची टोपली घेऊन चिखलातून जावं लागायचं. एके दुपारी ती निघाली तेव्हा तिच्या मागं रऊफचाचा होता, काखेत डफ. त्याच्या मागं सादिक. त्याच्या मागं मी. मला कोणी बोलावलं नव्हतं.

माळ्यावरून पुंजाजीनं पाहिलं. उतरायला शिडी एकच, आणि खाली चाचा उभा.

"अथी उंबरठा नाई," पुंजाजी वरून म्हणाला. "अथी ठेवला तं चालत नाई."

"महिना होत आला, तुमी घरी कोठी राहून राह्यले?" सोजरबाई म्हणाली. "जेवता अथी, निजता अथी. हेच तुमचं घर, अन् शिडीची पहिली पायरी तुमचा उंबरठा. रऊफभाऊ, ठेवा डफ."

चाचा वाकला.

"ठेवू नको रे," पुंजाजी म्हणाला. त्याचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. एवढासा.

सोजरबाईनं टोपली खाली ठेवली. बत्तीस वर्षं त्या माणसाच्या भाकरी थापल्या होत्या तिनं. वर मान करून ती म्हणाली, "अवो, एक सांगा. त्या सवालाचा जबाब काय हाय?"

पुंजाजी पाखरांकडं पाहायला लागला.

"पाखरं मंग पाहा. जबाब सांगा."

"सांगन ना. बारीत सांगन."

"मह्या कानात सांगा."

"तू कलगीची. तुले कायले सांगू?"

"यायले येतच नाई, रऊफभाऊ," सोजरबाई म्हणाली. "रागात निंगून गेला तोंडातून. म्हनून पळून राह्यले. तुमी हरले तं यायले सांगा लागन ना साऱ्यायपुढे."

मग पुंजाजी म्हणाला, "चांगला जमला होता पन. जमला होता का नाई?"

रऊफचाचा डफ घेऊन चिखलातच बसला. मला वाटलं त्याला भोवळ आली. तो हसत होता. मग हसता हसता चिडला.

"बयताडा, मी रात रात जागलो. कापूस पिंजता पिंजता तोच सवाल. मले वाटलं, माहीच अक्कल गेली, आता मी बुढा झालो. अन् तुले सोताले येत नाई?"

"तुले तं येत होता ना," पुंजाजी शिडीवरून दोन पायऱ्या उतरला. "तू उठला होता."

"मी उठलो होतो डफ शेकाले."

हे तुम्हाला कळणार नाही, साहेब. पावसाळ्यात डफाचं कातडं सैल पडतं, ते पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर धरून कडक करावं लागतं. जबाब सुचला नाही की आमच्यात कोणीही उठतो आणि म्हणतो, डफ उतरला, शेकून आणतो. तेवढ्यात काही सुचलं तर सुचलं. माझ्या आठवणीत काही बाऱ्यांना डफ इतके शेकले गेले की फुटले. तुम्ही आला नसता तर चाचा जाळापाशी गेला असता, परत येऊन काहीतरी उलटा सवाल टाकला असता, लोक हसले असते, आणि पुंजाजीचा तो सवाल संध्याकाळपर्यंत कोणाच्या ध्यानातही राहिला नसता. तुम्ही तो अर्ध्यावर धरला. म्हणून तो दगडासारखा बसला.

आता दोघांनाही जबाब येत नव्हता. हारजीत होऊ शकत नव्हती. सादिक पहिल्यांदा बोलला.

"नाना, परसों जाना है मेरे कू."

सोजरबाईनं भाकरी सोडल्या, कारण भाकरी आणल्याच होत्या. खाता खाता तीच म्हणाली, "रऊफभाऊ, प्रेमसिंग नायकाचं काय झालं होतं? बाबा सांगे."

चाचाचा घास हातातच राहिला.

प्रेमसिंग नायकाची गोष्ट आम्ही सगळ्यांनी लहानपणी ऐकली होती, फक्त हसण्यासाठी. नायक तांड्यावरून बैल घेऊन बाजाराला निघाला होता, दोन घोट जास्त झाले, आणि त्याची बैलं आमच्या बारीत घुसली. लोक पळाले. बारी मोडली. तेव्हाच्या म्होरक्यांनी सवाल कोणावर ठेवायचा म्हणून वाद घातला, आणि ठरलं की ज्यानं बारी मोडली त्याच्यावर. नायकाच्या झोपडीपुढं डफ पालथा ठेवून आले. नायक वर्षभर तांड्यात कोणाशी धड बोलला नाही म्हणतात, नुसता विचार करायचा. पुढच्या करीला सगळा तांडा घेऊन आला, बारीत उभा राहिला, जबाब दिला, आणि जाताना दोन्ही बाजूंना शिव्या देऊन गेला.

"मंग?" पुंजाजी म्हणाला.

"मंग काय? बारी मोडली कोनं? तू का मी?" चाचा उठला. "सादिक, टोपी घाल. मंगरूळले जाचं हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तुमच्या कचेरीत आलो. पुंजाजी, चाचा, सादिक, सोजरबाई, मी. डफ एकच होता आणि तो वाजत नव्हता, म्हणजे हुकूम मोडला नाही. चाचानं तुमच्या उंबरठ्यावर डफ पालथा ठेवला आणि हात जोडले. चपराशी आला.

"हे काय?"

"सायबाचं हाय," पुंजाजी म्हणाला.

"सायबाचं तुमच्यापाशी कसं आलं?"

"सायेब आमच्या गावात इसरून गेले होते. आणून देल्लं."

चपराशानं डफ उलटापालटा करून पाहिला. चाचाच्या उस्तादाच्या हातचा होता तो, कडेला पितळेच्या घुंगऱ्या. नजराणा समजून तो आत घेऊन गेला. आम्ही उभे राहिलो. बाहेर येऊन म्हणाला, "साहेब म्हणाले, छान आहे. भिंतीला लावा."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. घेतला. नायकानं तरी आधी कुरकुर केली होती म्हणतात. तुम्ही तर आनंदानं घेतलात.

कचेरीच्या आवाराबाहेर बाभळीखाली चाचानं सादिकच्या मनगटावर गंडा बांधला. मध्येच त्याला खोकला आला, म्हणून गाठ सोजरबाईनं मारली. मग कायद्याप्रमाणे विरुद्ध बाजूच्या म्होरक्यानं नव्या शागिर्दाला पहिली शिवी द्यायची असते, तोच त्याचा आशीर्वाद. पुंजाजीनं घसा साफ केला.

"तुह्या नानाचा गळा फाटका होता. तुहा तं पाहून राह्यलो, गळाच नाई. नुसतं भोक हाय, जीनच्या नळीवानी."

सादिकनं मनगटावरचा दोरा एकदा पाहिला. मग म्हणाला, "तुमचे कान उघडे असते तं गळा दिसला असता, पुंजाबुवा. अंदर सरकी भरेल हाय."

पुंजाजी चाचाकडं वळला. त्याचं तोंड फुललं होतं. "पोट्टं जमन," तो म्हणाला. "लय तरास देईन मले."

सादिक कारंज्याला गेला. इंजिनाच्या आवाजात गळा तापवतो, मेहरबी सांगते. नवा डफ स्वतः मढवला आहे त्यानं. पोळ्याला मालकाकडून सुटी घेऊन येणार आहे, म्हणजे तुमची हरकत नसेल तर. चाचा खोकतो आहे, पण करीपर्यंत राहीन म्हणतो. पुंजाजीनं नवे सवाल बांधून ठेवले आहेत आणि या वेळी जबाबही आधी बांधले आहेत. सोजरबाईनं ते बहुतेक रऊफभाऊला कळवले असतील.

राहिले तुम्ही. सवाल आता आमच्या कोणाच्या डोक्यावर नाही, तुमच्या आहे. तुमच्या भिंतीवर लटकतो आहे. त्याचा जबाब कागदावर चालत नाही, चपराशाच्या हाती पाठवलेला चालत नाही. बारीत यावं लागतं, दोन्ही बाजू समोर बसलेल्या असाव्या लागतात, आणि त्यासाठी तुमचा तो हुकूम तुम्हालाच उचलावा लागेल. जबाब येत नसेल तर तसं सांगा, आमच्यातही कोणाला येत नाही. कोणी मारत नाही. थोड्या शिव्या पडतील, त्या सगळ्यांनाच पडतात. फार तर डफ शेकून आणतो म्हणून उठा, पऱ्हाट्या आम्ही देऊ.

पण एका माणसाचा खोकला वाढतो आहे आणि दुसऱ्याची सुटी मोजून मिळणार आहे, म्हणून आता थांबता येत नाही. पोळा पुढच्या अमावस्येला आहे. करीला दुपारून आम्ही लिंबाखाली घोंगड्या टाकू, दोन्ही बाजूंच्या. मुकं कातडं, मुका हात, नाद कोणाच्या घरचा? तुम्ही येता की नाही, आणि हुकूम उचलता की नाही, याचा जबाब द्या.